काकांची लेन्स आणि वहीतील बाकी

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव पंचक्रोशीत ओळखले जाते ते काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे आणि मंदिराच्या परिसरात निर्धास्तपणे वावरणाऱ्या माकडांमुळे. चैत्रात येथे मोठी यात्रा भरते. आमच्या घराण्याचे भुसार मालाचे दुकान याच गावात होते. बाजारपेठ बार्शीची, क्षेत्र कुंथलगिरीचे आणि उंबरठा सोनारीचा, असा आमच्या मागील पिढ्यांचा संसार. पुढे मुले शिकली, पुण्या-सोलापूरला गेली, दुकान बंद झाले. आता त्या घरात माझे चौऱ्याऐंशी वर्षांचे काका तेवढे राहतात.

मागील दिवाळीत वहीपूजनासाठी आम्ही सारे तेथे जमलो होतो. पूजनानंतर काकांनी लोखंडी कपाटातून मांजरपाटाची एक पिशवी काढून माझ्या हाती ठेवली. ‘‘तुझ्या कॅमेऱ्याला हे चालतं का, बघ,’’ एवढेच ते म्हणाले. पिशवीत पत्र्याचा डबा होता आणि डब्यात दोन लेन्स. एक ५० मि.मी., एफ/१.८ची. दुसरी ५५ मि.मी.ची, जवळच्या वस्तूंची छायाचित्रे टिपणारी मायक्रो-निक्कॉर. सन १९८३ मध्ये मालाच्या वसुलीसाठी मुंबईस गेले असता काकांनी फोर्टमधील बोरा बाजारातून त्या जुन्या बाजारभावाने घेतल्या होत्या. त्यांचा फिल्मचा कॅमेरा केव्हाच निकामी झाला. काही वर्षांपूर्वी त्यांनी या लेन्स शहरातील एका दुकानात दाखवल्या, तेव्हा ‘आता हे भंगार’ असे उत्तर मिळाले. काकांनी वाद घातला नाही. लेन्स परत आणल्या आणि डब्यात ठेवून दिल्या.

त्या भंगाराने पुढे आमच्या घराचा एक हिशेब उघडा केला. ती हकिकत सांगण्यासाठीच हा लेख. परंतु अनेक घरांच्या माळ्यावर अशाच लेन्स पडून असतील. म्हणून त्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर कशा वापराव्यात, हेही ओघाने सांगते.

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसते कशी?

लेन्सची मागील कडी आणि कॅमेऱ्याची पुढील कडी एकमेकींत बसतात, त्या जोडणीला माउंट म्हणतात. निकॉन कंपनीने आपले एफ माउंट १९५९ मध्ये आणले आणि डिजिटल एस.एल.आर. आले तरी त्याची मूळ घडण बदलली नाही. म्हणून चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीची निक्कॉर लेन्स त्यांवर बसू शकते. मात्र एक दक्षता अवश्य घ्यावी. १९७७ मध्ये कंपनीने छिद्राचे माप कॅमेऱ्याला कळवणारी ‘ए.आय.’ ही सुधारणा केली. त्यापूर्वीची, सुधारणा न केलेली लेन्स काही डिजिटल कॅमेऱ्यांवर बळेच बसवल्यास माउंटभोवतीचा नाजूक खटका मोडतो. आपल्या कॅमेऱ्याची पुस्तिका पाहिल्याशिवाय लेन्स फिरवू नये.

कॅननने १९८७ मध्ये जुने एफ.डी. माउंट सोडून ई.एफ. माउंट स्वीकारले. त्यामुळे त्यांच्या जुन्या एफ.डी. लेन्स त्यांच्याच डिजिटल एस.एल.आर.वर सरळ बसत नाहीत. याचे कारण अंतरात आहे. माउंटपासून फिल्म अथवा सेन्सरपर्यंतचे अंतर एफ.डी.मध्ये ४२ मि.मी., ई.एफ.मध्ये ४४ मि.मी. आणि निकॉनमध्ये ४६.५ मि.मी. असते. लेन्स ज्या अंतरासाठी घडवली, त्याहून ती दूर गेली की लांबचे दृश्य स्पष्ट होत नाही. याच न्यायाने, झेनिट कॅमेऱ्यासोबत येणारी रशियन हेलिओस लेन्स कॅननवर साध्या जोडकडीने उत्तम चालते. तिचे माउंट आट्यांचे, एम-४२ प्रकारचे आणि अंतर सुमारे साडेपंचेचाळीस मि.मी. असते. तीच निकॉनवर लावली, तर जोडकडीत जादा काच असल्यावाचून दूरचे काही टिपता येत नाही. पेंटॅक्सचे के माउंट १९७५ पासून चालत आले आहे. तेथे जुनी लेन्स थेट बसते.

माझ्याकडे निकॉन डी-७००० हा वापरलेला कॅमेरा आहे. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे मंडळी वळल्यापासून असे कॅमेरे बाजारात सहज मिळतात. त्याच्या यादीत लेन्सची लांबी आणि मोठ्यात मोठे छिद्र एकदा नोंदवले की प्रकाशमापन चालू होते. त्याच कंपनीच्या प्राथमिक श्रेणीतील बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय नाही. तेथे प्रकाश स्वतःच ठरवावा लागतो. एक छायाचित्र टिपावे, पडद्यावर पाहावे, गती कमी-अधिक करावी. फिल्मच्या काळी छत्तीस चित्रांचे मोल मोजावे लागे. आता चुकीचा खर्च शून्य आहे.

फिरवणारा हात आपला

या लेन्समध्ये मोटर नाही. कडी हाताने फिरवावी तेव्हा चित्र स्पष्ट होते. ऐकायला हे सोपे वाटते. पहिल्या दिवशी मंदिराच्या पायऱ्यांवर मी माकडांची साठ छायाचित्रे टिपली आणि त्यांतील नऊ कामाची निघाली. पिलू आईच्या पाठीवरून उडी मारून जाई आणि माझी कडी अजून आईवरच असे.

काकांनी ती चित्रे पाहिली आणि हसून म्हणाले, ‘‘माकडाच्या मागं धावू नकोस. माकड येईल तिथं आधी जाऊन थांब.’’ हा उपदेश शास्त्रीय आहे. छिद्र एफ/८ ला ठेवून ५० मि.मी.ची लेन्स पाच मीटरवर स्थिर केली, तर माझ्या कॅमेऱ्यावर साधारण पावणेचार ते सव्वासात मीटरपर्यंतचे सारे पुरेसे स्पष्ट येते. मग कडीला हात लावायचाच नाही. त्या पट्ट्यात माकड आले की बटण दाबायचे. जुन्या लेन्सवर या पट्ट्याच्या खुणा कोरलेल्या असतात. नव्या लेन्सवर त्या बहुधा नसतात. मात्र त्या खुणा फिल्मच्या मोठ्या चौकटीसाठी आहेत. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला काम करताना एफ/५.६ च्या खुणा प्रमाण मानाव्यात. लहान सेन्सरमुळे आणखी एक फरक पडतो. ५० मि.मी.ची लेन्स जणू ७५ मि.मी.ची असावी इतके अरुंद दृश्य दाखवते. चेहरे टिपण्यासाठी ते सोयीचे ठरते.

चेहऱ्याच्या वेळी गणित उलटते. एक मीटरवर बसलेल्या माणसाचे चित्र एफ/१.८ ला टिपले, तर स्पष्टतेची खोली जेमतेम तीन सेंटिमीटर मिळते. डोळा साधला तर कान धूसर होतो. फिल्मच्या कॅमेऱ्यात मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा दिसे आणि तिचे दोन तुकडे जुळले की काम झाले, असे समजे. डिजिटल कॅमेऱ्यातील काच उजळ असली तरी साधी असते आणि ती डोळ्यांना फसवते. म्हणून तीन उपाय सांगते. पहिला, दृश्यगवाक्षाशेजारील चष्म्याच्या नंबराची छोटी कळ आधी आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. वडीलधाऱ्यांनी तर हे अवश्य करावे. दुसरा, लेन्स जुळली की गवाक्षात खालच्या बाजूस उमटणाऱ्या टिंबाकडे लक्ष ठेवावे. जुन्या लेन्सलाही ते साथ देते. तिसरा उपाय सर्वांत विश्वासाचा. विषय स्थिर असेल तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा, मागील पडद्यावर दृश्य पाहावे, ते मोठे करावे आणि मग कडी केसभर मागे-पुढे करावी.

येथे जुन्या लेन्सचे गुण कळतात. तिची कडी लांब फिरते आणि तुपातून फिरावी तशी जड, सलग फिरते. नव्या लेन्सची कडी बहुधा मोटरच्या सोयीने केलेली, थोड्या वळणात संपणारी असते. दोषही सांगितले पाहिजेत. समोरून ऊन आले की जुन्या काचेवर धुरकट पांढरेपणा येतो, तेव्हा हाताची सावली धरावी. धावती मुले, लग्नातील धांदल, मिरवणूक यांसाठी ही लेन्स हट्टाने वापरू नये. तेथे मोटरची लेन्सच बरी. जुन्या लेन्सचे खरे क्षेत्र म्हणजे जे स्थिर आहे ते: वृद्धांचे चेहरे, शिलालेख, भांड्यांवरील नावे, कागद.

कातडी पिशवी आणि बुरशी

त्या काळी लेन्ससोबत बहुधा कातडी पिशवी मिळे. काकांनी ती दुकानातच नाकारली आणि घरी मांजरपाटाची पिशवी शिवून घेतली. त्यामागे आपला आचार होता. त्याचा लाभ चाळीस वर्षांनी दिसला. कातडे ओलावा धरून ठेवते आणि बंद अंधारात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी चढते. काकांची लेन्स स्वच्छ राहिली.

एकदा चढलेली बुरशी काढायची म्हणजे लेन्स उघडणे आले. अनेकदा काचेवरील मुलामा खराब होतो तो होतोच. त्यापेक्षा ती येऊच न देणे बरे. पापड-शेवयांच्या डब्याला बुरशी येऊ नये म्हणून आपल्या घरातील स्त्रिया पावसाळ्यापूर्वी जी दक्षता घेतात, तीच येथे घ्यावी. घट्ट झाकणाचा डबा, त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि महिन्यातून एकदा उजेडात काढून वापर. जुनी लेन्स घेताना वा माळ्यावरून काढताना ती बॅटरीसमोर धरून आरपार पाहावी. चारदोन धूलिकण असले तरी बिघडत नाही. जाळे दिसले तर ती इतर लेन्सजवळ ठेवू नये. छिद्राच्या पाकळ्यांवर तेल आहे का आणि त्या चपळपणे मिटतात का, तेही पाहावे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांस ठाऊक असावी. फिल्मवरील प्रकाशग्राही थर जिलेटिनचा असतो आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. काकांना हे पुष्कळ उशिरा कळले आणि त्यानंतर त्यांनी छायाचित्रण जवळजवळ सोडले. डिजिटल सेन्सरला त्या थराची गरज नाही. ‘‘म्हणजे लेन्स निर्दोषच होती,’’ हे ऐकून ते म्हणाले, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली.

लाल खारव्याची वही

आता मूळ हकिकतीकडे येते. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आजोबांच्या वह्या होत्या. लाल खारव्याची बांधणी, आत मोडी अक्षर. एका खतावणीच्या आरंभी शके १८६६, वीर निर्वाण संवत २४७१ असे लिहिले होते, म्हणजे १९४४ सालच्या दिवाळीची वही. कसरीने तिच्या कडा खाल्ल्या होत्या आणि शाई तपकिरी पडली होती. घरात मोडी वाचणारे काका एकटेच. त्यांना ती आजोबांनी शिकवलेली. परंतु त्यांच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. भिंग घेऊनही ओळी लागत नाहीत. वाचणाऱ्याचे डोळे आणि वाचायची शाई दोन्ही एकाच वेळी फिकी होत चालली होती.

आधी आम्ही मोबाइलने पाने टिपली. मोबाइलने कागद पांढरा करण्याच्या उत्साहात फिकट अक्षरेही पांढरी केली. मग काकांनीच ५५ मि.मी.ची लेन्स पुढे केली. ही लेन्स सपाट कागदासाठी नामी आहे. मध्यावरील अक्षर जितके स्पष्ट, तितकेच कोपऱ्यातील. वस्तू असेल त्याच्या निम्म्या आकाराची प्रतिमा सेन्सरवर पडेल, इतके जवळ तिने जाता येते. नव्या मॅक्रो लेन्सनेही हे साधले असते, हे प्रांजळपणे सांगते. पण ती आमच्याकडे नव्हती, ही होती.

ज्यांच्या घरी अशा वह्या, पोथ्या अथवा जुन्या तसबिरी आहेत त्यांच्यासाठी पद्धत थोडक्यात देते. कॅमेरा तिकाटण्यावर खाली तोंड करून लावावा. पानाच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवावा. पडद्याच्या बरोबर मध्यभागी लेन्सचेच प्रतिबिंब दिसले, की कॅमेरा आणि पान समांतर झाले. मग आरसा काढून पान ठेवावे. दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत लावावेत आणि फ्लॅश वापरू नये. छिद्र एफ/८, घड्याळी बटणाने टिपण, कॅमेऱ्याला हात नाही. वही पूर्ण सपाट करण्यासाठी शिवणीवर जोर देऊ नये. पान जितके उघडते तितकेच उघडावे. प्रत्येक चित्राला वही आणि पान यांचा क्रमांक द्यावा आणि संचाच्या दोन प्रती दोन घरी ठेवाव्यात.

अक्षर पुसट असेल किंवा दगडात, धातूत कोरलेले असेल, तर एक दिवा विझवावा आणि दुसरा अगदी खाली, पृष्ठभागाला लागून धरावा. खळग्यांत सावली पडते आणि लेख वर येतो. आपल्या अनेक मंदिरांतील प्रतिमांच्या पादपीठांवर संवत १५४८ आणि जीवराज पापडीवाल यांचे नाव आढळते. प्रक्षाळाने झिजलेले असे लेख विश्वस्तांची अनुमती घेऊन, मंदिराची शुचिता पाळून या रीतीने टिपता येतात. केंद्र सरकारने २००३ मध्ये हस्तलिखितांसाठी राष्ट्रीय मिशन सुरू केले. परंतु घरोघरच्या वह्या हे काम घरच्यांचेच आहे.

एकवीस हाली

पहिल्या पानाला माझी कडी जुळेना. काका शेजारी येऊन बसले. त्यांना पडदा नीट दिसत नव्हता आणि मला ती कडी नीट फिरवता येत नव्हती. शेवटी बोटे त्यांची आणि डोळे माझे, अशी वाटणी झाली. ते कडी सरकवत आणि मी सांगत असे, ‘‘काका, अजून... अजून... आता गेलं, थोडं मागं.’’ चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या बोटांना केसभर म्हणजे किती, ते अजून ठाऊक होते. दोन दिवसांत आम्ही एकशे बारा पाने टिपली.

तिसऱ्या दिवशी ती चित्रे मोठ्या पडद्यावर चौपट करून काकांसमोर लावली. ते वाचू लागले. ज्वारी, करडई, बारदान, हमाली. निजामी राज्यातील गाव असल्याने रक्कम हाली शिक्क्यात आणि बार्शीच्या व्यवहारापुढे मात्र कलदार. मग एका पानावर ते थांबले. एका गाडीवानाच्या पत्नीने त्रेसष्ट हाली रुपये ठेव म्हणून ठेवले होते. त्याखाली काहीच नव्हते.

‘‘ती ठेव परत झाली,’’ काका म्हणाले. ‘‘अण्णांनी स्वतः मला सांगितलं होतं.’’ मी त्या पानाचे दुसरे चित्र लावले, एकच दिवा आडवा धरून टिपलेले. पेन्सिलचा रंग उडाला होता, तरी कागदावर दाब राहिला होता. त्या दाबलेल्या रेघांतून समासात अक्षरे उमटली. काकांनी ती दोनदा वाचली. पैकी पावले बेचाळीस, बाकी एकवीस. तारीख १९४८ च्या पावसाळ्यातील. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीवरील कितीतरी कुटुंबे तेव्हा बार्शीकडे निघून गेली. ते घरही त्यांतलेच असावे. घाईत हाताशी होते तेवढे दिले गेले असावे, आणि दौत-टाक घेण्याइतकाही वेळ नसावा.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग हिशेब मात्र तोंडीच झाला: ‘‘सात हालीचे सहा कलदार. एकवीसचे अठरा.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘अण्णा खोटं बोलले नव्हते. विसरले असतील. पण बाकी ती बाकी.’’

अठरा रुपये ही आज रक्कम नव्हे. परंतु ज्या घराने दर दिवाळीला या वह्यांना कुंकू वाहिले, त्या घराला ही ओळ ऐंशी वर्षे वाचता आली नव्हती. ठेव ही दुसऱ्याची वस्तू, हे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. त्या कुटुंबाचा शोध आता सुरू आहे. सोनारीतील दोन वृद्धांनी बार्शीतील एका गल्लीकडे बोट दाखवले आहे. घर सापडले की काका स्वतः जाणार आहेत. व्याज कसे मोजायचे, हे मात्र त्यांनी अजून मला सांगितलेले नाही.

अजून सहा वह्या टिपायच्या आहेत. चैत्रातल्या यात्रेला मी पुन्हा सोनारीस जाणार आहे. लेन्स तेथेच, पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे. काका महिन्यातून एकदा ती काढतात, खिडकीशी बसतात आणि कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून परत ठेवतात.